इन कॅमेरा

गेले दोन महिने एक गोष्ट मनात घोळते आहे. लिहू की नको, असं चाललं होतं. पण जिच्याबद्दल लिहायचं तिनेच परवा सांगितलं, "लिहा ना काकू, फक्त नाव नका घालू." तेव्हा नाव घालत नाही. दोन-चार तपशीलही बदलले आहेत. तरीही ज्यांना ओळख पटेल त्यांनी कृपया गप्प बसावं. (हे खास आमच्या घरातल्या मंडळींसाठी!)

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची ही मुलगी. लहानपणी माझ्याकडे पाढे म्हणायला यायची. आता तिचा घटस्फोटाचा दावा कोर्टात चालू आहे. एका संध्याकाळी ती वर आली, चेहरा उतरलेला. चहा नको, काही नको. म्हणाली, "काकू, पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे आणि वकील म्हणाले की ती इन कॅमेरा होणार. म्हणजे माझं शूटिंग करणार का हो?"

आता माझी लाज सांगते. मी जर्मनमधून भाषांतरं करते. यंत्रांची माहितीपत्रकं, करारनामे, असलं रुक्ष काम. तीस वर्षं शब्दांवरच पोट भरते आहे. आणि मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "हो, हल्ली सगळीकडे कॅमेरे असतातच गं. रेकॉर्ड राहतं. घाबरायचं काय त्यात? आपण खरं बोलायचं."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "ते काय काय विचारणार ते मला माहितेय. ते सगळं कॅमेऱ्यासमोर सांगायचं? आणि उद्या ती क्लिप कुणाच्या हाती लागली तर?"

पुढच्या तारखेला ती गेलीच नाही. तब्येतीचं कारण सांगून तारीख पुढे घेतली. अडीच महिने गेले. मधल्या काळात तिने वहिनींना सांगून टाकलं होतं की दागिने नकोत, पोटगी नको, काहीच नको, तो म्हणेल तिथे सही करते आणि मोकळी होते. नशीब, सही करायच्या आधी तिच्या वकिलांच्या ऑफिसातल्या एका ज्युनिअर मुलीने सहज विचारलं, "ताई, तुम्ही एवढ्या कशाला घाबरलात?" हिने कारण सांगितलं. ती मुलगी डोक्याला हात लावून म्हणाली, "अहो, इन कॅमेरा म्हणजे कॅमेरा नाही! दार बंद करतात. बाहेरच्या कुणालाही आत बसू देत नाहीत. ते तुमच्यासाठीच असतं."

ती घरी आली, वर आली आणि मला म्हणाली, "काकू, उलटं होतं."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. नुसतंच "उलटं होतं" म्हणाली. ते दोन शब्द अजून कानात आहेत.

कारण मला हे माहीत असायला हवं होतं. ऐकीव म्हणून नव्हे, माझ्या कामाचाच भाग म्हणून. बऱ्याच वर्षांपूर्वी कामानिमित्त सहा महिने जर्मनीत राहिले होते. घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघराला लागून एक अंधारी खोली होती. तिच्यात मुरंब्याच्या बरण्या, बटाटे, पिठाच्या पिशव्या. तिला त्या 'श्पाइझेकामर' म्हणायच्या. श्पाइझे म्हणजे अन्न, कामर म्हणजे छोटी खोली. थोडक्यात आपली कोठीची खोली. कामर हा शब्द लॅटिन 'कामेरा'वरून आला, हे मला तेव्हाही माहीत होतं. फक्त डोक्यातल्या या कप्प्यातलं त्या कप्प्यात गेलं नाही.

तर प्रायश्चित्त म्हणून या शब्दाच्या मागे लागले. जे हाती आलं ते इतकं मजेदार आहे की थोडं विषयांतर करते. शेवटी परत मुद्द्यावर येणारच आहे.

मूळ शब्द ग्रीक. 'कमारा' म्हणजे कमानीदार छत, घुमट असलेली जागा. (आपल्या 'कमान'शी नातं जोडायचा मोह होतो, पण कमान आपल्याकडे फारसीतून आली आहे.) रोमन लोकांनी तो घेतला आणि 'कामेरा' म्हणजे आधी घुमटी छत आणि पुढे नुसती खोली असा अर्थ झाला. ऑक्सफर्डला एक सुंदर गोल घुमटाची इमारत आहे, १७४९ साली पूर्ण झालेली. तिचं नाव रॅडक्लिफ कॅमेरा. तिथे फोटोग्राफीचं काही नाही, आत वाचनालय आहे. फोटोग्राफीचा शोध लागायला तेव्हा अजून पाऊणशे वर्षं होती.

रोमन साम्राज्य गेलं, पण ही खोली युरोपभर राहिली. जो तो आपापल्या गरजेप्रमाणे तिच्यात सामान भरत गेला.

इटालियन माणसासाठी 'कामेरा' म्हणजे आजही खोली. विशेषतः झोपायची. हॉटेलात गेलात तर तुम्हाला कामेरा मिळते आणि फोटो काढायच्या यंत्राला म्हणतात 'माक्किना फोतोग्राफिका', फोटोचं मशीन. त्यांच्या संसदेचं खालचं सभागृह म्हणजे 'कामेरा देइ देपुताती', प्रतिनिधींची खोली. वेटरला म्हणतात 'कामेरिएरे', खोलीची सेवा करणारा. फ्रेंचमध्ये उच्चार घसरत घसरत 'शांब्र' झाला आणि अर्थ राहिला निजायची खोली. त्याच फ्रेंचमध्ये नंतर 'कामेरा' पुन्हा आला, पण तो फक्त चित्रीकरणाचा. साधे फोटो काढायचं ते 'आपारेय फोतो'. सायकलच्या टायरमधल्या ट्यूबला फ्रेंच लोक 'हवेची खोली' म्हणतात, स्पॅनिश लोकही तसंच. डच लोकांच्या संसदेच्या खालच्या सभागृहाचं नाव शब्दशः 'दुसरी खोली' असं आहे. हंगेरियन भाषेत हाच शब्द कोठीच्या खोलीला वापरतात, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंसारखंच.

रशियनमध्ये जरा वेगळंच झालं. तिथे राहायच्या खोलीला दुसरा शब्द आहे आणि 'कामेरा' म्हणजे तुरुंगातली कोठडी. स्टेशनवर सामान ठेवायची जागा हीसुद्धा एक कामेरा, 'सांभाळायची कामेरा'. चित्रीकरणाचा कॅमेरा आहेच वर.

पण मला सगळ्यात आवडलं ते पोलिश. त्यांच्या 'कोमोरा' या शब्दाचं मूळ तेच, अर्थ कोठी, कप्पा. त्याचं लाडकं, छोटं रूप 'कोमुर्का', म्हणजे कोठडी. शरीरातल्या पेशीलाही कोमुर्का म्हणतात आणि बोलीभाषेत मोबाइल फोनलाही कोमुर्काच. म्हणजे पोलंडमधला माणूस खिशात एक छोटी खोली घेऊन फिरतो आणि त्या खोलीत पुन्हा एक कॅमेरा असतो!

आता आपल्याकडे या. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, चावी दिली, घमेलं दिलं आणि हिंदीला 'कमरा' दिला. तोच हा पोर्तुगीज 'कामरा'. गोव्यात पोर्तुगीज अमलात नगरपालिकेचं नाव 'कामरा म्युनिसिपाल' होतं. पोर्तुगालमध्ये अजूनही तेच आहे. मराठीने मात्र आपली 'खोली' सोडली नाही, कमरा हिंदीसाठीच राहू दिला.

इंग्रजीतून आलेला 'चेंबर' मात्र आपण मनापासून स्वीकारला. पुण्यात १९३४ सालापासून व्यापारी आणि उद्योजकांचं 'मराठा चेंबर' आहे. वकिलांचं चेंबर असतं. आणि पावसाळ्यात सोसायटीत जे तुंबतं तेही चेंबरच! संसदेची दोन सभागृहं असली की तिला इंग्रजीत 'बायकॅमेरल' म्हणतात, दोन खोल्यांची. आपण म्हणतो द्विगृही. महाराष्ट्रात विधानसभा आणि विधान परिषद आहे, म्हणजे आपलं विधिमंडळ दोन खोल्यांचं.

आणि 'कॉम्रेड'! स्पॅनिशमध्ये एका खोलीत, एका बराकीत राहणारे सैनिक ते 'कामारादा'. फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि कॉम्रेड झाला. पुण्यात शिकायला येणारी मुलं ज्याला 'रूम पार्टनर' म्हणतात, तोच खरा शब्दशः कॉम्रेड. गंमत अशी की इटलीत डावे एकमेकांना 'कोंपान्यो' म्हणायचे, म्हणजे भाकरीचा वाटेकरी, आणि 'कामेराता' हे संबोधन मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी उचललं. खोली तीच. कोण कुठे कुणाबरोबर राहिला, एवढाच प्रश्न.

मग फोटोचा कॅमेरा कुठून आला? तर तोही खोलीतूनच. जुन्या वाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्या लावून झोपलेल्यांनी हे पाहिलं असेल. फटीतून उन्हाचा कवडसा येतो आणि समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची माणसं उलटी चालताना दिसतात. भिंग नाही, यंत्र नाही, नुसती अंधारी खोली आणि एक भोक. ही युक्ती फार प्राचीन आहे. योहान्स केप्लरने १६०४ साली तिच्यासाठी 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नाव वापरलं आणि ते रूढ झालं. चित्रकार त्या उलट्या चित्रावरून रेघा ओढायचे. पुढे खोलीचा तंबू झाला, तंबूची पेटी झाली. फ्रान्समध्ये निएप्सने १८२६-२७च्या सुमाराला आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारं दृश्य अशा पेटीतून धातूच्या पत्र्यावर पकडलं. आज शिल्लक असलेला हा सर्वांत जुना कॅमेऱ्यातला फोटो. १८३९मध्ये दाग्येरची पद्धत जगासमोर आली. पेट्या विकल्या जाऊ लागल्या आणि एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार? इंग्रजीत 'ऑब्स्क्युरा' गळून पडलं आणि नुसता कॅमेरा उरला. अंधार गेला, खोली राहिली.

इथेच सगळी गोची झाली. कारण इंग्रजी कायद्यात हा शब्द फोटोच्या फार आधीपासून खोलीच्या अर्थाने बसलेला होता. न्यायाधीश उघड कोर्टात न बसता आपल्या खोलीत बसून जे ऐकतात ते 'इन कॅमेरा', खोलीत. कायद्याची भाषा बदलली नाही आणि बाहेर रस्त्यावर शब्दाचा अर्थ पार बदलून गेला.

आता नुसते 'इन कॅमेरा' हे दोन शब्द घ्या आणि युरोपभर फिरा. इटलीत त्याचा अर्थ होईल 'आपल्या खोलीत आहे', म्हणजे आराम करतोय. रशियात जवळजवळ तसाच उच्चार करून म्हणाल तर ऐकणाऱ्याला वाटेल, कोठडीत आहे, बिचारा! इंग्रज वकिलाला वाटेल, दार बंद. आणि मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटेल, चित्रीकरण चालू.

मराठी वाचकाला तसं वाटतं यात त्याचा काही दोष नाही. आपली वर्तमानपत्रं 'इन कॅमेरा शवविच्छेदन' असं लिहितात, तेव्हा त्यांना खरोखरच चित्रीकरण म्हणायचं असतं. कोठडीत मृत्यू झाला तर शवविच्छेदनाचं चित्रीकरण करावं, अशी सूचना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ साली राज्यांना केली होती. काही दडपलं जाऊ नये म्हणून. चांगलीच सूचना आहे. पण त्याच वर्तमानपत्रात दोन पानं सोडून 'पीडितेची साक्ष इन कॅमेरा' अशी बातमी असते. तिथे अर्थ बरोब्बर उलटा. एका ठिकाणी सगळ्यांना दिसावं म्हणून, दुसऱ्या ठिकाणी कुणालाही दिसू नये म्हणून. शब्द एकच!

भरीला कोर्टात आता खरेच कॅमेरे आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२२पासून घटनापीठाच्या सुनावण्या घरबसल्या बघता येऊ लागल्या. वैवाहिक वाद आणि लैंगिक अत्याचाराचे खटले यांतून वगळायचे, हे त्या निकालातच आलं आहे. पण हे सामान्य माणसाला कसं कळणार? त्याने मोबाइलवर कोर्ट पाहिलेलं असतं. त्याला 'इन कॅमेरा' म्हटल्यावर तेच डोळ्यासमोर येणार.

आता तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं एवढं काय? तर हे बंद दार सहज मिळालेलं नाही, म्हणून एवढं.

कोर्टाचं दार उघडं असणं हाच नियम आहे आणि तो योग्यच आहे. बंद दाराआड न्याय होतो की अन्याय, कुणाला कळणार? इंग्लंडमध्ये १९१३ साली स्कॉट विरुद्ध स्कॉट या खटल्यात हे ठासून सांगितलं गेलं आणि तो खटलाही लग्नासंबंधीचाच होता. पण उघड्या दाराची किंमत कधीकधी साक्षीदाराला मोजावी लागते. मुंबई उच्च न्यायालयात एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने सांगितलं होतं की त्याच्या साक्षीच्या बातम्यांनी त्याच्या धंद्याचं नुकसान होतंय. कोर्टाने त्याची साक्ष छापायला मनाई केली. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नरेश मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६६. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की न्यायासाठी गरज असेल तर कोर्टाला असं करता येतं.

आणि मग महाराष्ट्रातलंच दुसरं प्रकरण. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या, कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून १९८३ साली कायदा बदलला. बलात्काराचा खटला इन कॅमेराच चालवायचा, आणि पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा, या दोन्ही गोष्टी त्याच वेळी आल्या. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७मध्ये ती तरतूद होती. १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३६६मध्ये आहे. मुलांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांसाठी २०१२च्या पॉक्सो कायद्यात कलम ३७ आहे. हिंदू विवाह कायद्याखालचे सगळे दावे कलम २२प्रमाणे इन कॅमेराच चालवायचे असतात. म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीला ही सोय मागायचीही गरज नव्हती. ती तिचीच होती.

एवढ्या लोकांनी झगडून एक दार बंद करून घेतलं, बाईला निर्धास्तपणे बोलता यावं म्हणून. आणि आपण त्या दारावर अशी पाटी लावली की ती वाचून बाई उंबऱ्यावरूनच परत फिरावी!

मी भाषाशुद्धीवाली नाही. बटाट्याला बटाटाच म्हणते, कॅमेऱ्याला कॅमेराच. शब्द देश बदलतात तसे अर्थ बदलतात, त्यात वाईट काही नाही. वर एवढं सगळं सांगितलं ते त्यासाठीच. निजायच्या खोलीची कोठडी झाली, कोठडीचा फोन झाला, कुणाचंही बिघडलं नाही. पोलिश माणूस पेशी आणि फोन यांत घोळ घालत नाही. बायकांमध्ये 'वहिनी'चे दहा अर्थ असतात, आपण घालतो का घोळ? पण जिथे एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या नेमके उलट आहेत, आणि चुकीच्या अर्थाची किंमत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहणारा मोजतो, तिथे 'भाषा वाहती असते' हे म्हणून चालणार नाही. वर्तमानपत्राचं काही जात नाही, वकिलाचं काही जात नाही. माझंही काही गेलं नाही. तिचे अडीच महिने गेले आणि दागिने जाता जाता राहिले.

बाकीचे काय म्हणतात तेही पाहिलं. फ्रेंच कोर्टात म्हणतात 'आ वी क्लो', बंद दाराने. सार्त्रच्या १९४४च्या प्रसिद्ध नाटकाचं नाव तेच, 'वी क्लो', आणि इंग्रजीत ते 'इन कॅमेरा' या नावानेही आलं होतं. स्पॅनिशमध्येही 'बंद दाराने'. जर्मनमध्ये लांबलचक सरळ वाक्य आहे, 'लोकांना वगळून'. आणि खुद्द इटालियन, लॅटिनची सख्खी मुलगी, जिच्या घरात कामेरा म्हणजे आजही खोलीच आहे, तीसुद्धा कोर्टात 'इन कामेरा' म्हणत नाही. तीही म्हणते, 'आ पोर्ते क्युझे', बंद दारांनी. इंग्लंडने १९९९ साली दिवाणी कोर्टांची भाषा सोपी केली, तेव्हा 'इन कॅमेरा' काढून 'खासगीत' असा साधा इंग्रजी शब्द घातला. ज्यांच्याकडून आपण हा शब्द घेतला त्यांनीसुद्धा दिवाणी कोर्टात तो सोडला. आपण मात्र उराशी धरून बसलो आहोत.

बरं, मराठीत शब्द नाही म्हणावं तर तसंही नाही. 'दालन' आहे! मंत्र्यांचं दालन, न्यायाधीशांचं दालन, रोज वापरतो आपण. 'बंद दालनात सुनावणी' हे इन कॅमेराचं अक्षरशः भाषांतर आहे, आणि कुणालाही कळतं. 'बंद दाराआड' म्हटलं तर काहीतरी लपवाछपवी वाटते, म्हणून मला दालन जास्त बरं वाटतं. आणि जिथे चित्रीकरण आहे तिथे 'चित्रीकरणासह शवविच्छेदन' म्हणा, 'व्हिडिओ काढून पंचनामा' म्हणा. त्यात काय कठीण आहे?

वकिलांना कायद्यातला शब्द वापरावा लागतो, कबूल. पण अशिलाशी बोलताना पुढे एक वाक्य जोडायला काय हरकत आहे? "इन कॅमेरा, म्हणजे दार बंद करून. बाहेरचं कुणी नसेल." पाच सेकंद लागतात. आणि आपल्यासारख्यांनी, ज्यांना लोक 'तुम्हाला कळतं' म्हणून विचारायला येतात, त्यांनी उत्तर द्यायच्या आधी जरा थांबावं. हे मी मलाच सांगते आहे.

गेल्या महिन्यात तिची उलटतपासणी झाली. वहिनींना बाहेरच बसावं लागलं, मीही त्यांच्याबरोबर बाकावर बसले होते. शिपायाने आतल्या इतर लोकांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दोन तास लागले. बाहेर आली तेव्हा घामाघूम झाली होती, पण ताठ होती. रिक्षात म्हणाली, "सगळं सांगितलं काकू. काही ठेवलं नाही."

निकाल लागायचाय अजून. तो काय लागायचा तो लागो.

तुमच्यापैकी कुणी वर्तमानपत्रात असाल, वकील असाल, तर हा शब्द पुढच्या वेळी लिहिताना तिची आठवण ठेवा, एवढंच. आणि तुमच्या ओळखीत असा दुसरा कुठला उलटा शब्द असेल तर मला जरूर कळवा. एकदा चूक केली आहे, दुसरी टाळीन म्हणते.